मुळशीचा धडा

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी आपल्याकडे सध्या जे लिहिले आणि बोलले जाते, त्यात कौतुक पुष्कळ असते, भीतीही पुष्कळ असते. हिशेब मात्र क्वचितच आढळतो. यंत्र पत्रे लिहिते, भाषांतरे करते, निदानाच्या कामी डॉक्टरांना साहाय्य करते, याचे अप्रूप आम्हांसही आहे. परंतु ही बुद्धी आकाशातून अवतरत नाही. डेटा सेंटर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अवाढव्य इमारतींत ती राबते, आणि अशा इमारती आपल्या शेजारी ऐरोली-महापे येथेही उभ्या आहेत. त्यांतील यंत्रे रात्रंदिवस तापतात. त्यांना वीज लागते, आणि थंड राखण्यास पुष्कळ ठिकाणी पाणीही लागते. ही वीज आणि हे पाणी कोणाच्या वाट्याचे, हा प्रश्न इमारती पुऱ्या होण्यापूर्वीच विचारला गेला पाहिजे.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ मधील अहवालानुसार जगातील डेटा सेंटरांनी २०२४ साली सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वीजवापराचा हा सुमारे दीड टक्का होय. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून अधिक, म्हणजे ९४,५०० कोटी युनिटांच्या घरात जाईल, असा त्या संस्थेचा अंदाज आहे. आज सारा जपान देश वापरतो त्याहून ही वीज थोडी अधिकच आहे. ही सर्व केंद्रे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच राबतात असे नव्हे. बँकांचे व्यवहार आणि चित्रपटांचे प्रक्षेपणही त्यांतूनच चालते. परंतु वाढीचे मुख्य कारण कृत्रिम बुद्धिमत्ता हेच आहे, याविषयी दुमत नाही.

यावर कंपन्यांचे उत्तर ठरलेले आहे. गूगलने २०२५ मध्ये असा हिशेब मांडला की, तिच्या यंत्राला विचारलेल्या सर्वसाधारण प्रश्नास पाण्याचे केवळ पाच थेंब लागतात. हा आकडा खरा मानूनही आमचे समाधान होत नाही. थेंबांची सरासरी साऱ्या जगावर काढली जाते, पाणी मात्र एखाद्या विवक्षित गावाच्या तलावातून उपसले जाते. आयर्लंडचे उदाहरण पाहावे. २०१५ साली त्या देशाच्या विजेपैकी पाच टक्के वीज डेटा सेंटरे वापरीत. २०२३ साली हे प्रमाण २१ टक्क्यांवर गेले आणि शहरांतील सर्व घरांच्या एकत्रित वापराहूनही ते अधिक ठरले. डब्लिन परिसरात नव्या केंद्रांना वीजजोडणी देणे काही काळ थांबविण्याची पाळी तेथील यंत्रणेवर आली. जगाच्या हिशेबातला दीड टक्का एका लहान देशाच्या गळ्याशी असा येतो.

मुंबईकरांनी हा आकडा परका समजू नये. देशातील डेटा सेंटरांची सुमारे निम्मी क्षमता मुंबई आणि नवी मुंबईच्या परिसरात एकवटली आहे. आपल्या विजेचा एक भाग आजही ट्रॉम्बे आणि डहाणू येथे कोळसा जाळून निर्माण होतो. ट्रॉम्बेला लागून असलेल्या माहुलची हवा इतकी दूषित आहे की, प्रकल्पग्रस्तांना तेथे राहण्याची सक्ती करता येणार नाही, असे उच्च न्यायालयास २०१९ मध्ये सांगावे लागले. आणि ज्या शहापूर तालुक्यातून तानसा-भातसाचे पाणी मुंबईस येते, तेथील पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बसतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

महाराष्ट्राला हा प्रसंग नवा नाही. १९२१ साली मुंबईच्या गिरण्यांस वीज हवी म्हणून मुळशी पेट्यातील सुमारे पन्नास गावांच्या जमिनी सरकारने टाटा कंपनीसाठी संपादन केल्या, तेव्हा मावळ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापटांनी त्यांचे नेतृत्व केले. धरण झाले, गिरण्या चालल्या, भातखाचरे पाण्याखाली गेली. त्या विजेने मुंबईचे वैभव वाढले हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्यांचे गेले त्यांना आधी कोणी विचारले नव्हते, हा डाग शंभर वर्षांनंतरही पुसलेला नाही.

किंमत केवळ वीज-पाण्याची नाही. यंत्राच्या तोंडून अभद्र बोल निघू नयेत म्हणून ते अभद्र आधी कोणा माणसाने वाचून वेगळे काढावे लागते. ओपनएआयसाठी हे काम केनियातील कामगारांनी तासाला दोन डॉलरांहून कमी मोबदल्यात केले, हे २०२३ च्या जानेवारीत उघडकीस आले. बालकांवरील अत्याचारांची वर्णने दिवसभर वाचणाऱ्या त्या माणसांच्या मनाचे काय झाले असेल, याची नोंद कोणत्याही ताळेबंदात नाही. यंत्राची सभ्यता ही अशी दुसऱ्याच्या जिवावर उभी आहे.

यंत्रे मोडून टाका, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे शहाणपणाचे नव्हे आणि शक्यही नव्हे. आमची मागणी साधी आहे. केंद्र सरकारने २०२२ च्या अर्थसंकल्पात डेटा सेंटरांस पायाभूत सुविधेचा दर्जा दिला. राज्य सरकारने २०२३ च्या धोरणात त्यांना सवलती देऊ केल्या. सवलत जनतेच्या पैशातून मिळते, तेव्हा हिशेबही जनतेस मिळाला पाहिजे. युरोपीय संघाने २०२३ च्या कायद्याने ५०० किलोवॅट व त्याहून मोठ्या केंद्रांवर वीज आणि पाणी यांच्या वापराची माहिती देण्याचे बंधन घातले आहे. महाराष्ट्राने एक पाऊल पुढे जाऊन प्रत्येक केंद्राची वीज, तिचा उगम, पाणी आणि डिझेल जनित्रांचे तास दरवर्षी केंद्रवार प्रसिद्ध करण्यास लावावे. पिण्याचे पाणी यंत्रांस न देता शुद्ध केलेले सांडपाणी द्यावे. ज्याला हे मान्य नसेल त्याची सवलत काढून घ्यावी.

या यंत्राचा सर्वांत अधिक लाभ घेणारा वर्ग सुशिक्षित शहरी मध्यमवर्ग आहे, म्हणजे आमचे वाचक आणि आम्ही. म्हणून ही मागणी प्रथम आपणच केली पाहिजे. मुळशीच्या वेळी मावळ्यांना एकट्याने झुंजावे लागले. माहुल आणि शहापूरवर ती वेळ पुन्हा आणू नये.