खासबाग कोणाची?

राजाने बांधलेल्या आखाड्याचे समाजवाद्यांनी कौतुक कशाला करावे, असा प्रश्न आपल्यातील काही मंडळी विचारतात. प्रश्न वरवर तर्कशुद्ध दिसतो. वस्तुतः तो इतिहासाकडे पाठ फिरवणारा आहे.

१९०२ साली शाहू छत्रपती सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेस गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले. आणि ते परदेशी असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, संस्थानातील निम्म्या सरकारी जागा मागासवर्गीयांसाठी राखणारा हुकूम निघाला. १९०७ मध्ये काम सुरू झालेले कोल्हापूरचे खासबाग मैदान १९१२ मध्ये पूर्ण झाले. प्रेक्षक कोठेही बसो, कुस्ती त्याच्या नजरेआड होत नाही, अशी त्याची रचना आहे. रोमच्या रिंगणात गुलाम मरत आणि उमराव टाळ्या पिटत. खासबागेच्या लाल मातीत कुणब्याचा पोर मानाने उभा राहिला. ज्या तिजोरीतून हे मैदान उभे राहिले, तीत रयतेचा घाम होता. म्हणूनच खासबाग रयतेची!

परंतु राजाश्रय म्हणजे हक्क नव्हे. संस्थाने गेली, आश्रय आटला. हक्क मात्र कोणी दिला नाही. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. त्यांच्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांना स्वतःचे घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे करावे लागले. १९८४ साली खाशाबा गेले. अर्जुन पुरस्कार लाभला तो मरणोत्तर. एका शिक्षकाचे घर गहाण पडते तेव्हा प्रजासत्ताकाची पतही गहाण पडते.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री खासबागेला लागून असलेले केशवराव भोसले नाट्यगृह आगीत होरपळले. कोल्हापूरकर हळहळले. ही हळहळ सच्ची होती; पण वारसा हळहळीवर जगत नाही, त्याला रोजची निगा आणि अंदाजपत्रकात तरतूद लागते.

आणि वारसा म्हणजे केवळ दगडमाती काय? गडचिरोलीच्या जंगलातील मुलचेरा पाहा. तेथील आदिवासींच्या आणि पूर्व पाकिस्तानातून उखडून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या मुलांच्या अंगात बळ कमी आहे, असे कोण म्हणेल? त्यांनी कोणत्या राजाची वाट पाहावी?

मैदान, वस्ताद आणि खुराक ही दानशूरांची कृपा नसून सार्वजनिक तिजोरीवरील देणे आहे. मित्रहो, शाहूंच्या पुतळ्याला हार घालताना हे देणे मागायला विसरू नका. मुलचेऱ्याचा पोर ज्या दिवशी हक्काने आखाड्यात उतरेल, त्या दिवशी खासबाग खऱ्या अर्थाने पूर्ण होईल.