गच्चीवर सोलर, तरी घरात अंधार?

लोह्यात आता अनेक गच्च्यांवर निळे पॅनेल दिसतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान मिळते. त्यामुळे घराघरांत विचारणा सुरू आहे.

परवा गल्लीतल्या एका खालांनी विचारले, "सर, सोलर बसवलं की लाइट जाणारच नाही ना? मग जुना इन्व्हर्टर विकून टाकते." विक्रेत्याने त्यांना तसेच सांगितले होते. लेकीच्या लग्नासाठी साठवलेल्या पैशांतून त्या ही रक्कम काढणार होत्या. म्हणून हा हिशेब सगळ्यांसाठी मांडतो.

नेहमीचे अनुदानाचे सोलर महावितरणच्या तारेला जोडलेले असते. दिवसा घरात वापरून उरलेली वीज तारेत जाते, रात्री आपण तारेतून घेतो आणि नेट मीटर दोन्हींची नोंद ठेवतो. पण तारेतली वीज गेली की हे सोलरही आपोआप बंद पडते, भर उन्हातसुद्धा. हा बिघाड नाही. खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या गच्चीवरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून ही सोय आहे. थोडक्यात, नेट मीटर बिल कमी करते. अंधारात दिवा लावते ती बॅटरी. आणि अनुदान पॅनेलच्या किलोवॅटवर आहे, बॅटरीसाठी वेगळे नाही.

तेव्हा खाला, इन्व्हर्टर विकू नका. १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १.८ युनिट. प्रत्यक्षात साधारण एक युनिट वापरायला मिळते असे धरा. ७५ वॅटचे दोन जुने पंखे आणि ९ वॅटचे चार बल्ब लावले तर पाच-सहा तास निघतात. तेच पंखे ३० वॅटचे बीएलडीसी असतील, तर दहा तास. रात्री लाइट गेली तरी सहरीपर्यंत पंखा चालेल. म्हणून दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर वेळेवर घाला आणि ती हवेशीर जागी ठेवा, कारण चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो.

ज्यांना भर दुपारी लाइट गेली तरी सोलर चालू हवे, त्यांनी बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टरचा दर मागावा. तो महाग पडतो. "लाइट गेल्यावर काय काय चालेल?" याचे उत्तर कोटेशनवर लिहून घ्या.

बिलाबाबतही स्पष्ट असावे. एक किलोवॅट महिन्याला साधारण १२० युनिट देतो. आपला वापर ९० युनिट असेल तर तीन किलोवॅट कशाला? वापर शून्यावर आला तरी स्थिर आकार भरावाच लागतो. दर महिन्याला बिलावरची आयात आणि निर्यात मीटरशी ताडून पाहा. फरक दिसला तर १९१२ वर तक्रार करून क्रमांक लिहून ठेवा. दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि त्यावर विद्युत लोकपाल. वीज कायदा २००३ ने दिलेला हा हक्क आहे.

खालांनी आता वर्षभराची बिले काढून ठेवली आहेत. त्यांच्या बेरजेवरून किती किलोवॅट लागतात ते ठरेल, पैसे त्यानंतर.