पीएच.डी.ची बदललेली चाळणी

विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.ची नवी नियमावली लागू केली. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण मिळविणारा विद्यार्थी आता प्रवेशास पात्र ठरतो. म्हणजे विद्युत अभियांत्रिकीचा पदवीधर एम.टेक. न करताही संशोधनाकडे वळू शकतो. किमान तीन वर्षांचा कालावधी, १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम, दोन बाह्य परीक्षकांकडून प्रबंधाची तपासणी आणि खुली मौखिक परीक्षा या अटी आहेतच.

कळीचा बदल वेगळाच आहे. २०१६ च्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध होणे बंधनकारक होते. ती सक्ती आता उरलेली नाही. या सक्तीपोटी पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले होते, हे पाहता निर्णय समर्थनीय ठरतो. परंतु संगणकावरील प्रतिरूपात उत्तम चालणारी विद्युतप्रणाली प्रत्यक्ष प्रयोगात टिकतेच असे नाही. हे पारखण्याची जबाबदारी आता मुख्यतः मार्गदर्शक व परीक्षकांवर आली आहे. परीक्षक ओळखीपाळखीतून नेमले गेले, तर आजचे कच्चे संशोधक उद्याचे मार्गदर्शक होतील. नियम सैल झाले. विद्यापीठांची सचोटी सैल होऊन चालणार नाही.