ऱ्होड्स : हानी वाटून घेणारे बंदर

भूमध्य समुद्रातील ऱ्होड्स या ग्रीक बेटाच्या जुन्या नगरीत शिरताना प्रवाशाचे लक्ष प्रथम वेधून घेते ती भक्कम तटबंदी. सेंट जॉनच्या सरदारांनी १३०९ ते १५२२ पर्यंत येथून राज्य केले. त्यांचा फरसबंद राजमार्ग, त्याच्या माथ्यावरील प्रासाद आणि आता पुरातत्त्व संग्रहालय झालेले त्यांचे रुग्णालय सावकाश पाहावे. पुढे सुलतान सुलेमानाने नगर जिंकले. मशिदींचे मिनार त्याची साक्ष देतात.

तटाबाहेरच्या मंद्राकी बंदरात दोन स्तंभांवर हरणांच्या मूर्ती आहेत. सूर्यदेवाचा सुमारे ३३ मीटर उंचीचा, जगातील सात आश्चर्यांपैकी एक असलेला पुतळा येथेच होता, अशी लोकसमजूत आहे. इ. स. पूर्व २२६ च्या सुमारास भूकंपात तो कोसळला. आज त्याचा मागमूसही नाही.

टिकला तो व्यापाऱ्यांचा एक नियम. वादळात जहाज वाचविण्यासाठी एखाद्याचा माल समुद्रात टाकावा लागला, तर ते नुकसान त्याच्या एकट्याचे नव्हे; ज्यांचे जहाज व माल वाचला, त्या सर्वांनी ते प्रमाणशीर सोसावे. ऱ्होड्सच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम रोमन कायद्याने स्वीकारला आणि सागरी व्यापारात तो ‘जनरल ॲव्हरेज’ म्हणून आजही पाळला जातो.

प्राण वाचविण्यासाठी परिग्रह सोडावा लागतो, हे आपल्या परंपरेला नवे नाही. सोडणाऱ्याला एकटे पाडू नये, हे मात्र या बंदराकडून पेढीवर बसणाऱ्याने अवश्य शिकावे.