बुटकी गाडी आणि मालकाची कंबर

जपानच्या टोयोटाने २०१२ मध्ये ‘८६’ ही मागच्या चाकांवर चालणारी, दोन दारांची स्पोर्ट्स गाडी आणली. इंजिन आणि बैठक दोन्ही खाली असल्याने ती वळणावर डगमगत नाही. पण हीच बुटकी बैठक मालकाच्या कंबरेला भोवू शकते. पाठीला बाक देऊन तासन्‌तास बसल्यास मणक्यांमधील गाद्यांवर ताण येतो. काही हौशी मालक कडक स्प्रिंगा बसवून गाडी आणखी खाली आणतात. मग हादरे थेट पाठीत जातात. आमच्या मते हा खर्च टाळावा. आसनाची पाठ नीट लावावी, कंबरेमागे छोटी उशी ठेवावी, दर दोन तासांनी उतरून चालावे. उतरताना कंबर पिळू नये. दोन्ही पाय बाहेर टेकवून मगच उठावे. पायात मुंग्या येऊ लागल्यास मात्र वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवावे.