फॉर्ममध्ये नसलेला रकाना

सरकारी भरतीचा फॉर्म कधी शेवटपर्यंत नीट वाचलाय? जात, अधिवास, नॉन-क्रीमीलेअर वगैरे झालं की खाली समांतर आरक्षणाचे रकाने येतात. त्यात 'प्रकल्पग्रस्त' असतो, 'भूकंपग्रस्त' असतो. धरणात गाव गेलं, दाखला मिळतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात घर पडलं, दाखला मिळतो. पण पावसाने वर्षामागून वर्षं दगा दिला म्हणून ज्याने घराला कुलूप लावलं, तो कोण? त्याला रकानाच नाही. तो नुसता 'बाहेरगावी गेलेला'!

माझ्या मते या माणसाला सरकारदरबारी एक नाव मिळालं पाहिजे. नाव नाही म्हणून मोजणी नाही, आणि मोजणी नाही म्हणून मदत नाही.

'क्लायमेट चेंज आणि स्थलांतर' म्हटलं की आपल्या सेमिनारमध्ये हटकून समुद्रात बुडणारं बेट येतं. ते खोटं नाही. किरिबाती या बेटांच्या देशातल्या इओआने तेइतिओताने न्यूझीलंडकडे आश्रय मागितला. पण १९५१ च्या निर्वासित करारात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांवरून होणारा छळ बसतो. वाढता समुद्र बसत नाही. २०१५ मध्ये त्याला परत पाठवलं. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने, हवामानबदलामुळे जिवाला धोका असेल तर माणसाला परत पाठवता येणार नाही, हे तत्त्व मान्य केलं. त्याची तक्रार मात्र फेटाळली!

पण बहुतेक लोक देशाची सीमा ओलांडतच नाहीत. २०५० पर्यंत २१ कोटी ६० लाखांपर्यंत लोक आपापल्या देशातच हलतील, असा जागतिक बँकेचा २०२१ चा अंदाज आहे. म्हणजे प्रश्न जिनिव्हाचा कमी, आपल्या तहसील कचेरीचा जास्त.

बीड जिल्हाच घ्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास वाड्या-तांड्यांवरून ट्रक-ट्रॅक्टर निघतात. वर अख्खा संसार. पीठ, सरपण, भांडी, शेळी, पोरं. जायचं पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मुकादमाच्या वहीत माणसं नसतातच, कोयते असतात. 'उचल' आधीच घेतलेली आणि बहुतेक वेळा पावसाळ्यातच खाऊन संपलेली. ती फेडायला पहाटेपासून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडी भरायची आणि रात्री पाचटाच्या खोपीत झोपायचं. हे चार-पाच महिने, कधी सहा. पाणी नाही म्हणून गाव सोडायचं आणि जायचं कुठे, तर सगळ्यात जास्त पाणी पिणाऱ्या पिकात!

पोरं मागे राहिली तर त्यांच्यासाठी गावात 'हंगामी वसतिगृह' असतं. वसतिगृह म्हणजे आपल्यासारखी रूम आणि कॉट नव्हे. बऱ्याच ठिकाणी पोरं आजी-आजोबांकडे झोपतात आणि शाळेत जेवतात. आपण मेसच्या डाळीबद्दल रेक्टरांकडे तक्रार करतो (करावीच!), पण 'हॉस्टेल' या शब्दाचा असाही अर्थ आपल्याच राज्यात आहे.

इथे कुणीतरी म्हणेल, ऊसतोड काय आजची आहे का? ती जुनीच आहे. कोरडवाहू जमीन, कर्ज, पाण्याची वाटणी, सगळी कारणं आहेत. सगळं खापर हवामानावर फोडलं तर पुढाऱ्यांची चंगळच होईल. पण आधीच काठावर असलेल्याला ढकलायला किती जोर लागतो? पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आणि मोसमी पाऊस मात्र घटला. म्हणजे पडत नाही तेव्हा पडतच नाही, आणि पडतो तेव्हा झोडपून काढतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मराठवाड्यात पुराने पिकं नेलीच, शेतातली मातीसुद्धा खरवडून नेली. पीक पुढच्या वर्षी येईल हो, माती कुठून आणायची?

सरकार काहीच करत नाही असंही नाही. दरड कोसळली की पुनर्वसन हाती घेतलं जातं. तळिये (२०२१), इर्शाळवाडी (२०२३) ही उदाहरणं आहेत. कारण ती एका दिवसात घडली आणि कॅमेरे पोचले. दुष्काळ दहा वर्षं हळूहळू घडतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. सवलती काय? जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, परीक्षा फी माफ... ज्याच्याकडे सातबाराच नाही आणि पंपही नाही, त्याच्या वाट्याला यातलं काय येतं? परीक्षा फी? त्याची पोरगी तर फडात धाकट्या भावाला सांभाळतेय.

अडचण खरी आहे, ती सिव्हिलवाल्यांना लगेच कळेल. धरणाची बुडीत रेषा नकाशावर काढता येते, दुष्काळाची येत नाही. पण तालुकावार नोंदी सरकारकडे आहेतच. दहापैकी चार वर्षं ज्या तालुक्यात दुष्काळ किंवा अतिवृष्टी जाहीर झाली, तिथून कामासाठी बाहेर पडणाऱ्या कुटुंबाची 'हवामानग्रस्त' म्हणून नोंद करा. रेशन आणि शाळा त्या नोंदीवर कुठेही मिळू दे. चार की पाच वर्षं यावर भांडू या, पण सुरुवात तर होऊ दे. दाखला मिळाला म्हणजे सगळं मिळालं, असं अजिबात नाही. कोयनेच्या धरणग्रस्तांना विचारा. पण निदान त्यांना मोर्चा काढायला एक नाव तरी आहे.

आपल्या एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर हिवाळ्यात असतं. नेमकी तेव्हाच ऊसतोड्यांची गावं निम्मी रिकामी असतात. पुढचं शिबिर अशाच एखाद्या गावात घेऊ. शोषखड्डे खणू, पथनाट्यही करू. पण एक दिवस कुलूपबंद घरं मोजायला ठेवू. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना विचारायचं: किती जण गेले, कधीपासून जातात, जमीन आहे का, शेवटचं धड पीक कोणत्या वर्षी हाती आलं? चार प्रश्न आणि एक रजिस्टर. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक तहसील कचेरीत, पोचपावती घेऊन.