यंत्राचे कौतुक करताना रसायनशास्त्र विसरू नका



२०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल प्रथिनांवरील संगणकी कामासाठी डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना मिळाले, तेव्हापासून ‘आता कृत्रिम बुद्धिमत्ताच एन्झाइम घडवणार, प्रयोगशाळेचे दिवस भरले’ असा सूर सर्रास ऐकू येतो. बारावीनंतर रसायनशास्त्र घेऊ का, असे विचारणाऱ्या मुलांनाही हेच ऐकवले जाते. मला हे साफ चुकीचे वाटते.

निसर्गात ज्या अभिक्रियेसाठी एन्झाइमच नाही, तिच्यासाठी ते घडवायचे तर सुरुवात प्रथिनापासून होत नाही. जुना बंध अर्धवट तुटलेला आणि नवा अर्धवट जुळलेला, अशा क्षणी, म्हणजे संक्रमण अवस्थेत, रेणू कसा असतो आणि त्याला सावरायला कोणते अणुगट किती अंतरावर हवेत, हे आधी क्वांटम रसायनशास्त्राच्या गणिताने काढावे लागते. २००८ मध्ये ‘केम्प एलिमिनेशन’ या अभिक्रियेसाठी बेकर यांच्या सिॲटलच्या गटाने एन्झाइम रचले, तेव्हा हे गणित लॉस एंजेलिसच्या केंडल हौक यांच्या गटाचे होते. ५९ रचना प्रत्यक्ष तपासल्या, त्यांतल्या ८ चालल्या. दोन वर्षांनी डील्स-आल्डर अभिक्रियेसाठी तपासलेल्या ८४ पैकी फक्त दोन.

अपयशाचे पुढे काय केले, हे तर त्याहून महत्त्वाचे. केम्प एलिमिनेशनसाठीच स्टीफन मेयो यांच्या कॅलिफोर्नियातील गटाने केलेली पहिली रचना निकामी निघाली. ती टाकून न देता त्यांनी तिची स्फटिकरचना आणि संगणकावरील रेणूंची हालचाल तपासली. अभिक्रिया जिथे घडायची त्या खळग्यात पाणी शिरत होते आणि नेमके अणुगट जागेवर टिकत नव्हते. खळगा प्रथिनात आणखी खोल नेल्यावर एन्झाइम चालू लागले. पुढे झुरिकमध्ये डोनाल्ड हिल्व्हर्ट यांच्या गटाने उत्परिवर्तन आणि निवडीच्या १७ फेऱ्या करून त्याचा वेग प्रचंड वाढवला. यातली कोणती पायरी रसायनशास्त्र न शिकलेल्या माणसाला जमली असती?

औषधनिर्मितीतही हेच दिसते. मधुमेहावरचे सिटाग्लिप्टिन हे औषध आज आपल्याकडेही अनेक घरांत आहे. मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांनी ते बनवण्यासाठी निवडलेल्या एन्झाइमच्या खळग्यात हवा तो मोठा रेणू मावतच नव्हता. संगणकी प्रतिमानावरून त्यांनी खळगा रुंदावला, मग प्रयोगशाळेत फेऱ्यांमागून फेऱ्या केल्या. आधीच्या पद्धतीत लागणारा ऱ्होडियमचा महागडा उत्प्रेरक आणि उच्च दाबाखालचा हायड्रोजन या दोन्हींची गरज संपली. २०१० मध्ये हे काम प्रसिद्ध झाले.

२०२५ मध्ये इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या गटाने प्रयोगशाळेतील फेऱ्यांशिवाय, केवळ गणनेतून उत्तम केम्प एन्झाइम रचले, हे मला ठाऊक आहे आणि त्याचा आनंदही आहे. पण एकच प्रोटॉन काढून घेणारी ही सोपी अभिक्रिया जगभर दीड दशकाहून अधिक काळ घासूनपुसून अभ्यासली गेली होती. कार्बन-सिलिकॉन बंध जोडणे किंवा प्लास्टिकचे विघटन यांसारख्या कामांना तेवढीच मेहनत लागणार.

पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ महासंगणक आहे. विद्यापीठांनी बीएस्सीच्या मुलांना संक्रमण अवस्थेचे गणित संगणकावर करू द्यावे आणि त्याच सत्रात एखाद्या एन्झाइमचा वेग परीक्षानळीत मोजायला लावावे. दोन्हींसाठी निधी एकत्र द्यावा. प्रयोगशाळेचा पैसा कापून नुसते संगणक घेण्याचा मोह टाळावा, एवढीच कळकळीची विनंती.

– रसायनशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, सांगली